आपल्या पावलांचा हिशेब



आज ख्रिस्तराजाचा सण. उपासनावर्षाचा हा शेवटचा रविवार. पुढच्या रविवारी आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटेल आणि घराघराला नाताळचे वेध लागतील. वर्ष सरताना दुकानदार खतावणी उघडतो, शाळा प्रगतिपुस्तक हाती देते. ख्रिस्तसभाही आज आपल्यापुढे हिशेबाचाच उतारा ठेवते. मधोमध सिंहासनावर राजा, उजवीकडे मेंढरे, डावीकडे शेरडे. मत्तयच्या शुभवर्तमानाचा हा पंचविसावा अध्याय आपण इतक्या वेळा ऐकला आहे, की त्यातले प्रश्न आपल्याला पाठ आहेत. भुकेल्याला दिले का? तहानेल्याला पाजले का? परक्याला घरात घेतले का?

आजच्या पहिल्या वाचनात यहेज्केल प्रवक्ता बोलतो. परमेश्वर स्वतःच आपल्या कळपाचा मेंढपाळ होईल, हरवलेले शोधील, जखमी झालेल्याला पट्टी बांधील, असा दिलासा तो देतो. वेदीवरून वाचला जाणारा हा उतारा चौतिसाव्या अध्यायाच्या सतराव्या ओवीवर थांबतो. आमची विनंती आहे, की आज जेवणानंतर घरातले पवित्र शास्त्र उघडावे आणि त्याच अध्यायाच्या पुढच्या दोन ओव्याही वाचाव्यात. आजचा आमचा उपदेश त्याच दोन ओव्यांवर आहे.

प्रवक्त्याचा प्रश्न

इ. स. पूर्व ५८७ मध्ये यरुशलेम पडले. लोक बाबिलोनच्या बंदिवासात होते. अशा वेळी यहेज्केल प्रथम मेंढपाळांना, म्हणजे राज्यकर्त्यांना, खडसावतो. त्यांनी कळपाचे दूध प्यायले, लोकर पांघरली, पण कळप राखला नाही. इथपर्यंत ऐकताना आपल्याला बरे वाटते. राज्यकर्त्यांना कोणी बोलले की आपण मान डोलावतो. पण मग प्रवक्ता वळतो आणि थेट मेंढरांनाच विचारतो. चांगल्या कुरणात तुम्ही पोटभर चरलात, ते ठीक. पण उरलेले गवत पायांनी तुडवायचे कशासाठी? स्वच्छ पाणी प्यायलात, तेही ठीक. पण उरलेले पाणी पायांनी गढूळ का करायचे? तुमच्यामागून येणाऱ्या रोडावलेल्या मेंढरांनी ते तुडवलेले खायचे आणि ते गढूळ प्यायचे काय?

हा प्रश्न लक्षपूर्वक ऐकू या. इथे चोरीचा आरोप नाही. मारामारीचा नाही. धष्टपुष्ट मेंढराने दुबळ्याच्या तोंडचा घास हिसकावलेला नाही. त्याने फक्त पाय ठेवला आहे. पोट भरल्यावर, मजेत, खाली न पाहता तो कुरणातून चालला आहे. आणि परमेश्वर म्हणतो, की मी या चालण्याचाही न्याय करीन.

यहेज्केलची ही वाणी मुळात माणसांविषयी आहे, बलवान आणि दुर्बल यांच्याविषयी आहे. तिला ओढूनताणून निसर्गाचा धडा बनवण्याचा आमचा हेतू नाही. पण ज्या कुरणाची आणि ज्या पाण्याची उपमा त्याने घेतली, तसे एक कुरण आणि तसे एक पाणी आपल्या दाराशी आहे. आपली खाडी.

ओहोटीला उघडे पडणारे कुरण

आपली वसई दोन खाड्यांच्या मध्ये वसली आहे. दक्षिणेला उल्हास नदी समुद्राला मिळते ती वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी. दोहोंच्या काठाने तिवरांची झाडी, खाजणे, मिठागरे आणि चिखलाच्या पट्ट्या आहेत. दिवसातून दोनदा समुद्र येतो आणि दोनदा मागे सरतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तो अधिक मागे सरतो आणि तेव्हा काठापासून दूरवर करडा, ओला, चमकणारा चिखल उघडा पडतो.

आपल्या डोळ्यांना तो नुसता चिखल दिसतो. आपण म्हणतो, इथे काही नाही, चला आत जाऊन फोटो काढू. हे ‘काही नाही’ म्हणजे काय, ते जरा वाकून पाहू या.

वरचा पातळ थर जिवंत असतो. डोळ्यांना न दिसणारे शेवाळ त्यावर उन्हात वाढते. चिमुकले खेकडे, ज्यांच्या नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी दिसते, हा थर खरवडून खातात आणि उरलेल्या मातीच्या बारीक गोळ्या बिळाभोवती मांडून ठेवतात. निवट्या चिखलावरून उड्या मारतात. मासा असूनही तो ओल्या अंगाने आणि तोंडात पाणी धरून हवेत राहू शकतो, आणि बीळ करून त्यात अंडी घालतो. बोटभर खाली गेले की चिखल काळा होतो, त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, कारण तिथे हवा नसते. खेकड्यांनी पोखरलेली बिळे हीच त्या चिखलाची हवेची खिडकी. भरतीचे पाणी त्यातून आत जाते, ओहोटीला हवा आत जाते.

तिवराच्या झाडाचे पाहा. त्याची मुळे या बिनहवेच्या चिखलात आहेत. म्हणून ते झाड जमिनीतून पेन्सिलीसारखी शेकडो मुळे वर काढते. त्या मुळांना बारीक छिद्रे असतात. ती झाडाची नाके आहेत. त्यावर आपण पाय ठेवतो, ती कडकन मोडते, आपल्याला वाटते काडी मोडली.

याच झाडीच्या पाण्यात कोळंबीची आणि अनेक माशांची पिल्ले लहानाची मोठी होतात आणि मग समुद्राकडे निघतात. बोय आणि चिंबोरी इथलीच. कोळ्याच्या जाळ्यात जे बाहेर समुद्रात येते, त्यातले पुष्कळ इथल्या गढुळात खेळलेले असते. आईच्या पदराआड मूल वाढावे, तसे.

आणि हिवाळा आला की पाहुणे येतात. तुतवार, चिखल्या, कुरव असे कितीतरी पक्षी हिमालयापलीकडून, उत्तर आशियातून, हजारो किलोमीटर उडत येतात. त्यांना चरण्यासाठी हाच चिखल लागतो आणि तो मिळतो फक्त ओहोटीच्या काही तासांत. मार्च-एप्रिलमध्ये त्यांना परत निघायचे असते. त्या प्रवासाची शिदोरी म्हणजे त्यांच्या अंगात साठलेली चरबी. प्रत्येक ओहोटीला एकेक घास करून ते ती साठवतात.

आपले पाऊल काय करते

आता रविवारची दुपार डोळ्यांपुढे आणू या. सुट्टी आहे, थंडी सुखाची आहे, शहरातून गाड्या आल्या आहेत आणि आपल्या आळीतलेही लोक निघाले आहेत. यात गैर काही नाही. विश्रांती घ्यावी आणि सृष्टी पाहावी, ही देवाचीच इच्छा आहे. पण ओहोटी पाहून काही जण काठ सोडून आत उतरतात.

पहिले पाऊल बिळांवर पडते. चिखल दाबला जातो, बीळ मिटते. एका वाटेवरून पन्नास जण गेले की ती वाट घट्ट होते आणि तिच्यात पुन्हा खेकडा यायला वेळ लागतो. दुसरे पाऊल तिवराच्या श्वासमुळांवर पडते. तिसरे पाऊल नुकत्या रुजलेल्या रोपावर. चौथ्या पावलाला पक्ष्यांचा थवा उडतो. तो उडाला की आपल्याला आनंद होतो, मुले टाळ्या पिटतात, मोबाइल वर होतात. पण त्या थव्याने चरायचे काही क्षण गमावले आणि साठवलेले बळही खर्च केले. तो दूर जाऊन बसतो, तिथे दुसरे कोणी पोहोचते, तो पुन्हा उडतो. ओहोटीचे तास संपतात आणि भरती चिखल झाकून टाकते. पक्षी त्या दिवशी अर्धपोटी राहतो. त्याला कोणी दगड मारला नाही. सर्वांनी प्रेमाने पाहिले.

उन्हाळ्यात मिठागरांच्या आणि खाजणांच्या उघड्या जमिनीवर टिटवी अंडी घालते. घरटे असे नसतेच, चार खडे आणि खड्यांसारखी दिसणारी अंडी. ती डोक्यावरून ओरडत फिरते, तेव्हा आपण म्हणतो, टिटवी अपशकुनी ओरडते. ती बिचारी सांगत असते, की तुमच्या पुढच्या पावलाखाली माझी लेकरे आहेत.

मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, वाटेत आढळलेल्या पक्ष्याच्या घरट्याविषयी आज्ञा आहे. पिलांसकट आईला धरू नये, आईला सोडून द्यावे. इतक्या लहान गोष्टीत देवाने लक्ष का घालावे? कारण वाटसरूला घरटे लहान दिसते. देवाला ते लहान दिसत नाही.

धान्याच्या ढिगाचे कोडे

इथे कोणी म्हणेल, फादर, मी एकटा गेलो, दोन मिनिटे उभा राहिलो, एक फोटो काढला. माझ्या एका पावलाने खाडी मरणार आहे का?

नाही. एका पावलाने खाडी मरत नाही, हे खरे आहे. आणि नेमकी हीच अडचण आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवताना ग्रीकांचे एक जुने कोडे सांगितले जाते. धान्याचा ढीग आहे. त्यातला एक दाणा काढला, तर ढीग राहतो का? राहतो. आणखी एक काढला? तरीही राहतो. एका दाण्याने ढिगाचा ढीगपणा जात नाही. मग असे एकेक करून सगळे दाणे काढले, तर ढीग नेमका कोणत्या दाण्याला संपला? कोणीच सांगू शकत नाही. प्रत्येक जण शपथेवर म्हणेल, की माझा दाणा काढला तेव्हा ढीग होता. आणि तरीही जमीन मोकळी पडलेली असते.

आजच्या काळातली पुष्कळ पापे या जातीची आहेत. त्यांत खुनी सापडत नाही, फक्त प्रेत सापडते. हजार जणांनी हजार दाणे उचलले आणि प्रत्येकाचा हात स्वच्छ आहे. प्रायश्चित्त संस्कारासाठी येताना आपण ‘मी काय केले’ याचा विचार करतो. ‘आम्ही सर्वांनी मिळून काय केले आणि त्यात माझा दाणा कोणता’ हा विचार आपल्याला फारसा शिकवलेला नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००१ साली सृष्टीसंबंधीच्या अंतःकरणपरिवर्तनाची गरज बोलून दाखवली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात तिचा विस्तार केला. परिवर्तन म्हणजे केवळ झाडे लावण्याचा कार्यक्रम नव्हे. स्वतःचा दाणा ओळखणे, हे त्याचे पहिले पाऊल.

कायदा काही प्रमाणात जागा आहे. तिवरांची झाडी आणि ओहोटीचा चिखल यांना किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत सर्वाधिक संरक्षण आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. हा कायदा भराव घालणाऱ्या डंपरला अडवू शकतो. पण रविवारच्या दुपारी उतरणाऱ्या प्रत्येक पावलामागे पोलीस उभा करता येत नाही. तिथे सद्सद्विवेकबुद्धीलाच उभे राहावे लागते.

मागून येणारी मेंढरे

यहेज्केलच्या प्रश्नात दोन प्रकारची मेंढरे आहेत. चरून झालेली आणि अजून न चरलेली. आपल्या खाडीत ही दुसरी मेंढरे कोण?

ती केवळ पक्षी आणि खेकडे नाहीत. आपल्या वसईतली कोळी कुटुंबे आहेत. पहाटे टोपली घेऊन चिखलात उतरणाऱ्या, कालवे आणि शिंपल्या वेचणाऱ्या बाया आहेत. त्याही चिखलात पाय ठेवतात, हे खरे. पण त्या चरायला गेल्या आहेत, तुडवायला नाही. भाकरीसाठी उतरलेले पाऊल आणि फोटोसाठी उतरलेले पाऊल यांना एकाच तराजूत तोलणे हा अन्याय होईल. उद्या कोणी खाडी वाचवण्याच्या नावाखाली त्या बायांनाच आधी हुसकावले, तर ते यहेज्केलला मान्य होणार नाही.

उलट, त्यांच्याकडून आपण शिकले पाहिजे. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून कोळ्याने जाळे सुकत टाकायचे आणि होड्या ओढून वर घ्यायच्या, ही आपल्या किनाऱ्याची जुनी रीत. आज सरकारी नियमाने महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. या दोन महिन्यांत कोळ्याच्या घरात पैसा येत नाही. तरी तो थांबतो. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीलाही सातव्या वर्षी विसावा द्यावा, अशी आज्ञा आहे. समुद्राला दिलेला हा विसावा त्याच जातीचा नव्हे काय? ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे, तो दोन महिने थांबू शकतो. मग ज्यांची केवळ दुपार रिकामी आहे, त्यांनी काठावर थांबणे जड का जावे?

आणि या मागून येणाऱ्या मेंढरांत आपली नातवंडेही आहेत. तिवरांची झाडी उधाणाच्या लाटेचा जोर मोडते, काठाची माती धरून ठेवते, पावसाळ्यात पाण्याला पसरायला जागा देते. वसईत दर पावसाळ्यात घरांत पाणी शिरते, त्या प्रत्येक घराला ही झाडी किती मोलाची आहे, हे वेगळे सांगायला नको. हरित वसईसाठी आपले दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्यासोबत अनेक सामान्य गावकरी रस्त्यावर उतरले होते. त्यांनी डोळ्यांसमोर ठेवली होती ती पुढची पिढी. त्यांच्या पायांनी एक वाट पाडली. आपल्या पायांनी ती पुसू नये.

राज्य करणे म्हणजे राखणे

काही श्रद्धाळू माणसे प्रामाणिकपणे विचारतात, की देवाने सृष्टीवर माणसाला अधिकार दिला नाही काय? उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात तसे सांगितले आहे, खरे. पण दुसरा अध्यायही त्याच पुस्तकात आहे. तिथे देवाने माणसाला बागेत ठेवले ते मशागत करायला आणि राखायला. या ‘राखण्या’साठी मूळ हिब्रू भाषेत जो धातू आहे, तोच दोन अध्यायांनंतर पुन्हा येतो. हाबेलला मारून काइन देवालाच उलट विचारतो, की मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय? बाग राखणे आणि भाऊ राखणे यांसाठी पवित्र शास्त्राला वेगवेगळे शब्द लागले नाहीत.

आणखी एक गोष्ट. पाचव्या दिवशी देवाने पाण्यात वळवळणारे जीव आणि आकाशात उडणारे पक्षी निर्माण केले आणि त्यांना आशीर्वाद दिला. माणूस सहाव्या दिवशी आला. म्हणजे पवित्र शास्त्रातला पहिला आशीर्वाद आपल्याला नव्हे, निवट्याला आणि तुतवाराला मिळाला आहे. संत थॉमस अक्वायनस शिकवतात, की देवाचा चांगुलपणा इतका मोठा आहे, की एकट्या कोणत्याही प्राणिमात्रात तो मावत नाही, म्हणून देवाने नाना प्रकारचे जीव घडवले. एकात जे उणे राहते, ते दुसरा भरून काढतो. तसे असेल, तर चिखलातला खेकडाही देवाविषयी असे काही सांगतो, जे आम्ही धर्मगुरू वेदीवरून सांगू शकत नाही. तो चिरडला गेला, की तेवढा उपदेश बंद पडला.

मोशेला जळते झुडूप दिसले, तेव्हा तो कुतूहलाने पाहायला पुढे गेला. देवाने त्याला पाहू नको म्हटले नाही. फक्त जवळ येऊ नको, आणि पायांतली पायताणे काढ, असे सांगितले. पाहणे आणि अंतर राखणे ही दोन्ही एकाच भक्तीची अंगे आहेत, हे मोशे त्या डोंगरावर शिकला. आपणही पवित्र साक्रामेंताजवळ धावत जात नाही. प्रेम आहे, म्हणूनच आपण गुडघे टेकून लांब थांबतो.

पाहायचेच नाही काय?

अवश्य पाहायचे. जे पाहिलेच नाही, त्यावर माणूस प्रेम कसे करणार? मुलांना घरात कोंडून सृष्टीचे प्रेम शिकवता येत नाही. प्रश्न एवढाच आहे, की पाहायचे कसे.

शेजारच्या ठाणे खाडीचे उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१५ मध्ये तिथला सुमारे १,६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर यादीत आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून स्थान मिळाले. ऐरोली येथून लोकांना होडीतून फ्लेमिंगो दाखवण्याची सोय करण्यात आली. माणूस पाण्यावर, पक्षी चिखलावर, मध्ये अंतर. तिकडे सिंधुदुर्गात, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत, स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना तिवरांची सफर घडवायला सुरुवात केली. खाडी पाहिली जाते, चिखलात पाय पडत नाही आणि चार घरांत पैसे येतात. साताऱ्याच्या कास पठारावर फुले पाहायला गर्दी उसळली आणि फुलेच पायांखाली जाऊ लागली, तेव्हा रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. फुलांच्या प्रेमाने आलेल्यांपासूनच फुलांना जपावे लागले, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

आपल्या धर्मग्रामासाठी

आता नाताळची सुट्टी येत आहे. सहली निघतील, लग्नसराई सुरू होईल, ३१ डिसेंबरची रात्र येईल. म्हणून काही साध्या गोष्टी आम्ही आपल्यापुढे ठेवतो.

१. बालसमूह, युवासमूह आणि कौटुंबिक समूहांच्या सहली खाडीवर जातील, तेव्हा बैठक भरतीच्या रेषेच्या वर असावी. चालायचे ते बांधावरून किंवा आधीच्या पायवाटेवरून. चिखलात आणि तिवरांच्या झाडीत उतरू नये, नवी वाट पाडू नये.

२. पक्षी चरताना दिसले, की थांबावे. ते चरणे सोडून माना वर करू लागले, तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून चार पावले मागे यावे. थवा उडवून फोटो काढू नये. सोबत कुत्रा असल्यास साखळी हातात असावी.

३. यंदा विवाहबद्ध होणाऱ्या जोडप्यांना खास विनंती. लग्नाआधीच्या छायाचित्रांसाठी तिवरांच्या झाडीत किंवा उघड्या चिखलावर जाऊ नका, खाडीवर ड्रोन उडवू नका. ज्या दिवशी तुम्ही नवे घर उभारण्याचे वचन देणार, त्यासाठी दुसऱ्या कोणाचे घर मोडू नये.

४. मोटारसायकल आणि गाड्या वाळूवर, खाजणात आणू नयेत. पावलाने जे वर्षात होते, ते चाकाने एका संध्याकाळी होते.

५. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांना लहान गटांनी बांधावर न्यावे, ओहोटी पाहू द्यावी, मोठ्यांपैकी एखाद्या कोळी मावशीला किंवा काकांना बोलते करावे. खेकडे आणि निवट्या बाटलीत भरून घरी आणू नयेत.

६. नाताळच्या गोठ्यासाठी तिवराची एकही फांदी तोडू नये. ज्या बाळाला सराईत जागा मिळाली नाही, त्याच्या गोठ्यासाठी आपण दुसऱ्या जिवांचा निवारा तोडावा, हे शोभत नाही.

७. बाहेरून आलेले पाहुणे चिखलात उतरताना दिसले, तर भांडू नये. जवळ जाऊन गोड शब्दांत सांगावे, की तिथे पायांखाली पिल्ले आहेत. माणसे वाईट नसतात. बहुतेकांना ठाऊक नसते.

राजाचे पाय

शेवटी पुन्हा आजच्या सणाकडे येऊ या. दुसऱ्या वाचनात संत पौल करिंथकरांना सांगतो, की ख्रिस्त सर्व शत्रूंना आपल्या पायांखाली आणीपर्यंत राज्य करील आणि शेवटचा शत्रू म्हणजे मरण. पाहा, आपल्या राजाच्या पायांखाली काय आहे? मरण आहे. आणि आपण बेफिकिरीने चालतो, तेव्हा आपल्या पायांखाली काय येते? जीवन. ख्रिस्तराजाची प्रजा म्हणवून घेणाऱ्यांच्या बाबतीत हे नेमके उलटे झाले आहे.

या राजाचे पाय आपल्याला ठाऊक आहेत. ते गालीलच्या समुद्रकाठी चालले, कोळ्यांच्या होडीत बसले. एका स्त्रीने ते आसवांनी भिजवले. शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने स्वतःचे पाय पुढे केले नाहीत, खाली बसून शिष्यांचे पाय धुतले. दुसऱ्या दिवशी त्या पायांना खिळे ठोकले गेले. जगात असा दुसरा राजा नाही, ज्याने काहीच तुडवले नाही आणि तरी ज्याचे राज्य सर्वत्र आहे.

न्यायाच्या दिवशी डावीकडच्यांचा बचाव काय होता, आठवते ना? आम्ही तुला कधी पाहिले, असे ते विचारतात. त्यांनी दुष्टपणा केला नव्हता. त्यांनी खाली पाहिले नव्हते. जे सर्वांत लहान, ते त्यांच्या नजरेच्या टप्प्यातच आले नव्हते. शुभवर्तमानातले ‘लहान’ म्हणजे भुकेली, तहानेली, उघडी, तुरुंगातली माणसे, यात शंका नाही. त्यांची जागा कोणी पक्षी घेऊ शकत नाही. पण ज्याला पायांखालचा जीव पाहायची सवय लागली, त्याला दारातला भुकेलाही दिसू लागतो. आणि ज्याने न पाहता तुडवायची सवय लावून घेतली, त्याचे पाऊल निवट्यापाशी थांबत नाही. ते पुढे माणसावरही पडते.

म्हणून या आठवड्यात खाडीवर गेलात, तर काठावर क्षणभर उभे राहा. ओहोटीचा तो करडा चिखल पाहा. तिथे आपल्या आधी कोणाला तरी देवाचा आशीर्वाद मिळालेला आहे, हे मनात आणा आणि ही लहानशी प्रार्थना म्हणा:

हे ख्रिस्तराजा, भरती तुझी आणि ओहोटीही तुझी. आमच्या खाडीत तू जे लहान जीव ठेवले आहेस, त्यांची आम्हांला ओळख दे. तिथे कष्ट करून पोट भरणाऱ्या आमच्या भावा-बहिणींना भरपूर दे. आमची पावले हलकी कर, आमची नजर खाली वळव आणि जिथे थांबायला हवे, तिथे थांबण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.

देव आपणा सर्वांना आणि आपल्या कुटुंबांना आशीर्वादित करो. येणारा आगमनकाळ आपणांस कृपेचा जावो.

प्रभूठायी आपले,
प्रमुख धर्मगुरू